वाळवंटातील पाण्याच्या वाटा

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. चहूकडे वाळू, माथ्यावर तळपणारा सूर्य, लांबवर चाललेली उंटांची रांग आणि कोठेतरी खजुराची चार झाडे. हे चित्र सहारा आणि अरबस्तानचे आहे, आणि ते काही खोटे नाही. पण आज ज्या वाळवंटांची हकिकत मी सांगणार आहे, त्यांत मूळचा उंट नाही आणि खजुराचे बनही नाही. तेथे भल्या पहाटे दाट धुके पडते. वाळूचे डोंगर थेट थंडगार समुद्रात उतरतात. नदीच्या कोरड्या पात्रात हत्ती पायाने आणि सोंडेने विहिरी खणतात. आणि एक पक्षी आपल्या पोटाच्या पिसांत पाणी भरून कोसाकोसांवरून पिलांसाठी घेऊन जातो. ही वाळवंटे आहेत दक्षिण आफ्रिका खंडातील नामिब आणि कलाहारी.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी आफ्रिकेचा नकाशा काढावा. खंडाच्या दक्षिण टोकाकडून डाव्या किनाऱ्याने वर जावे. अटलांटिक महासागराला लागून वाळवंटाचा एक चिंचोळा पट्टा दिसेल. दक्षिण आफ्रिका देशाच्या वायव्य कोपऱ्यापासून तो नामिबियातून थेट अंगोलापर्यंत जातो. लांबी सुमारे दोन हजार किलोमीटर. हे नामिब. त्याच्या पूर्वेला डोंगरपठार ओलांडले की वाळूची एक विस्तीर्ण परात लागते. बोट्स्वाना देशाचा बहुतेक भाग, नामिबियाचा पूर्वभाग आणि दक्षिण आफ्रिकेचा उत्तरेकडील कोपरा तिने व्यापला आहे. हे कलाहारी. नामिबिया १९९० साली स्वतंत्र झाला, बोट्स्वाना १९६६ साली. नामिबिया आपल्या महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. पण २०२३ च्या खानेसुमारीप्रमाणे तेथील माणसे साधारण तीस लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्याइतकी.

आता पहिला प्रश्न हा, की समुद्र अगदी पायाशी असताना तेथे वाळवंट का? आपल्या कोकणालाही समुद्रच आहे, आणि तेथे तर पाऊस मावत नाही.

उत्तर समुद्राच्या पाण्याच्या थंडीत आहे. आपला अरबी समुद्र उबदार. त्याच्यावरून येणारे वारे बाष्पाने जड होतात, सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पाडतात. नामिबच्या किनाऱ्याने मात्र दक्षिणेकडून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. शिवाय समुद्राच्या तळाकडचे गार पाणी तेथे सतत वर येत असते. त्या पाण्यावरची हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे वर चढत नाही. हवा वर चढली नाही की पाऊस नाही. त्या हवेतल्या बाष्पाचे होते काय? तर धुके. ते रात्री वाऱ्याबरोबर जमिनीवर शिरते आणि पहाटे वाळवंटात कित्येक किलोमीटर आतपर्यंत पसरते. ऊन चढले की विरून जाते.

पावसाचे आकडेच पाहा. आपल्या माण, आटपाडी, जत या तालुक्यांना आपण दुष्काळी म्हणतो. तेथे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. नामिबच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी वीस मिलिमीटरही होत नाही. आपल्याकडे वळवाची एक चांगली सर येऊन गेली, की तेवढे पाणी अर्ध्या तासात पडते. तेथे ते वर्षाचे पाणी! आणि एवढ्यावर तेथे झाडे आहेत, किडे आहेत, सरडे आहेत, हरणे आहेत, सिंह आहेत, माणसे आहेत.

मग ही सारी जगतात कशावर? माझे विद्यार्थी चटकन उत्तर देतात, की ती पाण्याशिवाय जगायला शिकली आहेत. हे उत्तर अपुरे आहे. पाण्याशिवाय कोणीच जगत नाही. वाळवंटातल्या प्रत्येक जिवाला पाण्यापर्यंत जाणारी एक बारीक वाट सापडलेली असते. ती वाट मोकळी असेपर्यंत तो जगतो. ती तुटली, की वाळवंट त्याला दुसरी संधी सहसा देत नाही. या वाटा आपण एकेक करून पाहू या.

पहिली वाट धुक्याची. कुइसेब नावाच्या नदीच्या काठी, वाळूच्या डोंगरांच्या कडेला, गोबाबेब येथे १९६२ साली चार्ल्स कॉख या कीटकशास्त्रज्ञाने एक संशोधन केंद्र स्थापन केले. ते आजही चालू आहे. तेथे काम करणाऱ्या मेरी सीली आणि त्यांचे सहकारी विल्यम हॅमिल्टन यांनी १९७६ साली एका काळ्या भुंगेऱ्याची हकिकत जगापुढे मांडली. हा भुंगेरा एरवी दिवसा वाळूवर हिंडतो आणि रात्री वाळूत पुरून झोपतो. पण धुक्याची रात्र असली की तो अंधारातच बाहेर पडतो, वाळूच्या टेकडीच्या अगदी धारेवर चढतो, वाऱ्याकडे तोंड करतो आणि मागचे पाय ताठ करून चक्क डोक्यावर उभा राहतो. धुक्याचे कण त्याच्या पाठीवर जमतात. थेंब होतो, ओघळतो आणि बरोबर तोंडापाशी येतो. एका पहाटेत काही भुंगेरे आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतके पाणी पितात. साठ किलो वजनाच्या माणसाने एका बैठकीला वीस लिटर पाणी प्यावे, तसे हे झाले.

दुसऱ्या एका जातीचे भुंगेरे डोक्यावर उभे राहात नाहीत. ते वाळूत वाऱ्याला आडवा असा बारीक चर काढतात. चराच्या कडांवर धुके जास्त जमते, आणि ते परत येताना ती ओली कड चोखतात. आपल्याकडे डोंगरउतारावर पाणी अडविण्यासाठी समतल चर खणतात, त्याचीच ही नखाएवढी आवृत्ती म्हणा ना!

टेकड्यांवरचे गवतही याच वाटेवरचे. त्याची मुळे खोल जाण्याऐवजी पृष्ठभागालगत दूरवर पसरतात, कारण धुक्याची ओल वाळूत दोन बोटांपलीकडे शिरतच नाही. या गवताच्या वाळलेल्या काड्या आणि बी वारा उडवून नेतो आणि टेकड्यांच्या आडोशाला साठवितो. भुंगेऱ्यांचे धान्याचे कोठार ते हेच. भुंगेऱ्यांवर सरडे जगतात, सरड्यांवर साप आणि पक्षी. समुद्रावरून आलेला एक ढग पहाटेच्या दोन घटका रेंगाळतो आणि एवढा संसार चालवितो.

दुसरी वाट जमिनीखालची. नामिबियाच्या पोटात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. ज्या आहेत त्या सरहद्दीवर. आतल्या नद्या वर्षातून काही दिवस वाहतात, एखाद्या वर्षी वाहतच नाहीत. पण वरून कोरड्या दिसल्या तरी त्यांच्या वाळूखाली पाणी असते. हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात झरा खणून घागर भरणारी पिढी अजून आपल्यात आहे.

गोबाबेबजवळची कुइसेब अशीच एक नदी. तिच्या दक्षिणेला लाल वाळूचे डोंगर, उत्तरेला खडकाळ माळ. वारा वाळू उत्तरेकडे ढकलीत असतो. पण कधीतरी कुइसेबला पूर येतो आणि पात्रात घुसलेली सारी वाळू तो धुऊन नेतो. वर्षातून थोडे दिवस वाहणाऱ्या या नदीने वाळूच्या समुद्राला वेस घातली आहे. या वाळूच्या समुद्राची युनेस्कोने २०१३ साली जागतिक वारशात नोंद केली.

कुइसेबच्या काठी नारा नावाचे झुडूप उगवते. त्याला पाने नाहीत, नुसते हिरवे काटे. पाने नसल्यामुळे पाणी उडून जात नाही, आणि मुळे मात्र खोल ओलीपर्यंत पोचलेली. त्याला टरबुजासारखी काटेरी फळे लागतात. तेथील टोपनार लोक पिढ्यान्‌पिढ्या ही फळे गोळा करतात, गर शिजवितात, बिया वाळवून ठेवतात. कोणाचे झुडूप कोणते, हेही घराण्यांमध्ये परंपरेने ठरलेले असे. वाळवंटात कोणी शेत नांगरीत नाही. पण धन्याची नजर मात्र असते.

आणि वाट तुटली म्हणजे काय होते, हेही नामिबमध्ये पाहावयास मिळते. त्साउचाब नावाची एक नदी डोंगरातून निघून वाळूत सोसुसव्लेई या खोलगट जागी जिरते. पूर्वी तिचे पाणी शेजारच्या एका सपाट पटांगणात जाई. तेथे काटेरी बाभळीच्या जातीची झाडे वाढली. पुढे वाळूची टेकडी सरकत आडवी आली आणि पाण्याची वाट बंद झाली. झाडे मेली. त्याला सहाशे-सातशे वर्षे झाली असावीत. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर-नामदेवांचा काळ सरून फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. हवा इतकी कोरडी, की ती झाडे कुजलीदेखील नाहीत. पांढऱ्या मातीच्या त्या पटांगणात, तांबड्या डोंगरांच्या पायथ्याशी, काळे पडलेले बुंधे अजून उभे आहेत. जगभरचे लोक त्यांची छायाचित्रे काढायला जातात. पाहणाऱ्याला ते सुंदर वाटते. पण भूगोलाच्या विद्यार्थ्याने त्या झाडांकडे पाहून विचारावे, की पाणी कोणत्या बाजूने येत होते?

तिसरी वाट पायांची आणि पंखांची. जेथे पाणी तेथे जायचे. नामिबच्या उत्तर भागात होआनिब, होआरुसिब अशा कोरड्या नद्या आहेत. त्यांच्या काठाने झाडांची हिरवी रेघ असते, आणि त्या रेघेवर वाळवंटी हत्ती राहतात. ही काही हत्तींची वेगळी जात नव्हे. आफ्रिकी हत्तीच हा. पण त्याला दोन-तीन दिवस पाण्याशिवाय काढता येतात, आणि एका नदीवरून दुसऱ्या नदीवर जाणारे रस्ते पाठ असतात. हे रस्ते कळपातल्या वयस्क हत्तिणीच्या स्मरणात असतात. पोरे तिच्या मागे चालून शिकतात. पात्र कोरडे असले तर हत्ती पायाने वाळू उकरून, सोंडेने उपसून खड्डा करतात आणि पाणी झिरपण्याची वाट पाहतात. ते निघून गेले की त्याच खड्ड्यावर हरणे येतात, पक्षी येतात, रानडुकरे येतात. म्हातारी हत्तीण शिकाऱ्याने मारली, तर एक जीव जातो, आणि त्याबरोबर कळपाचा पाण्याचा नकाशाही जातो.

आता कलाहारीकडे वळू. खरे म्हणजे कलाहारीचा पुष्कळसा भाग काटेकोर अर्थाने वाळवंट नाही. तेथे गवत आहे, काटेरी झाडे आहेत, आणि पाऊस आपल्या दुष्काळी तालुक्यांइतका किंवा त्याहून कमी होतो. पण पडलेले पाणी वाळू तत्काळ पिऊन टाकते. म्हणून पावसाचे दिवस सरले की मैलोगणती उघडे पाणी दिसत नाही.

येथला प्राणी म्हणजे ओरिक्स. करड्या अंगाचा, तलवारीसारखी सरळ शिंगे असलेला मोठा कुरंग. दुपारच्या उन्हात तो घाम गाळून अंग थंड ठेवीत नाही. तो अंग तापू देतो. रात्र थंड असते, तेव्हा ती उष्णता सोडून देतो. मेंदूकडे जाणारे रक्त तेवढे नाकातल्या थंड रक्ताच्या शेजारून जाते आणि निवते. घामाचे पाणी वाचले, हीच त्याची कमाई. तहान भागविण्यासाठी तो रानटी कलिंगड खातो. त्याला तेथे त्सामा म्हणतात. आपल्या बाजारातल्या कलिंगडाचे हे चुलत भावंड. गोडी जवळजवळ नाही, पण दहा भागांतले नऊ भाग पाणी! कोरड्या महिन्यांत ओरिक्स, तरस, सायाळ आणि माणूस हे सगळे याच एका फळावर पाणी पितात.

आणि आता तो पक्षी, ज्याचा मी आरंभी उल्लेख केला. आपल्या माळरानावर पखुर्डी नावाचा पक्षी असतो. कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा. पायाशी आला तरी दिसत नाही, आणि सकाळी ठरल्या वेळी थव्याने पाण्यावर उतरतो. याच्याच कुळातला एक पक्षी कलाहारीत आणि नामिबमध्ये आहे. त्याची पिले उघड्या माळावर, पाण्यापासून फार दूर असतात. नर पाणवठ्यावर येतो, पाण्यात बसतो, अंग हलवून पोटाची पिसे भिजवितो. ही पिसे स्पंजासारखी पाणी धरतात. साधारण पंचवीस मिलिलिटर. मग तो प्रसंगी तीस किलोमीटर उडत जातो. पिले त्याच्या पोटाखाली शिरतात आणि चोचीने पिसे चोखतात.

ही गोष्ट १८९६ साली मीड-वाल्डो नावाच्या इंग्रज पक्षीनिरीक्षकाने आपल्याकडे पाळलेल्या पक्ष्यांवरून लिहिली. विद्वानांनी ती मनावर घेतली नाही. सत्तर वर्षे गेली. १९६७ साली टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन यांनी कलाहारीत प्रत्यक्ष पाहून, पाणी मोजून ती खरी ठरविली. शिक्षकांनी हा प्रसंग वर्गात जरूर सांगावा. एखादी गोष्ट विचित्र वाटते म्हणून ती खोटी ठरत नाही, आणि कोणी सांगितली म्हणून खरीही ठरत नाही. ती जाऊन पाहावी लागते.

श्रोतेहो, येथवर निसर्गाची हकिकत झाली. पण या वाटांवर माणूसही आहे, आणि पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

१९५० च्या दशकात बोट्स्वानात, त्या वेळी तो इंग्रजांच्या ताब्यात होता, कलाहारीतून तारांची लांबच लांब कुंपणे घालायला आरंभ झाला. कारण होते लाळ-खुरकत. गुरे पाळणाऱ्याला या रोगाची दहशत काय असते, हे तुम्हाला सांगायला नको. रानम्हशींपासून तो गुरांना लागू नये, आणि गोमांसाची युरोपातील निर्यात बंद पडू नये, म्हणून ही कुंपणे. गुरे पाळणाऱ्यांच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होते. पण कुंपण घालताना एक गोष्ट लक्षात घेतली गेली नाही. कलाहारीत विल्डबीस्ट नावाचे, गाईच्या तोंडवळ्याचे मोठे हरिण असते. चांगल्या वर्षी ते गवतावर राहते; पण दुष्काळ पडला, की कळपच्या कळप उत्तरेकडच्या नद्यांच्या आणि तळ्यांच्या दिशेने निघतात. ही वाट दहा-वीस वर्षांतून एकदा लागते. नेमकी तिच्यावर कुके नावाच्या ठिकाणचे कुंपण आडवे आले. १९६० च्या दशकात आणि पुन्हा १९८० च्या दशकाच्या आरंभीच्या दुष्काळात विल्डबीस्ट त्या तारांशी येऊन थांबले, तारांच्या कडेकडेने चालत राहिले, आणि हजारोंनी मेले. पाणी होते, पण वाट नव्हती.

दुसरी हकिकत माणसांची आहे. कलाहारीत सान लोक हजारो वर्षांपासून राहात आले. जिभेने टचटच आवाज काढून बोलायच्या त्यांच्या भाषा, आणि पायाच्या मागावरून जनावर ओळखण्याची त्यांची विद्या जगप्रसिद्ध आहे. पाण्याच्या बाबतीत तर त्यांच्याइतके शहाणे कोणीच नाही. ओल्या वाळूत पोकळ नळी खुपसून तोंडाने पाणी ओढावयाचे, ते शहामृगाच्या अंड्याच्या कवचात भरावयाचे, भोकाला गवताची बुचे लावावयाची आणि कोरड्या दिवसांसाठी ठेवावयाचे. कोणता कंद कोठे, त्सामा कोठे पिकला, हे घराघरात ठाऊक असे.

१९६१ साली तेथे मध्य कलाहारी अभयारण्य झाले. पुढे १९९७ आणि २००२ साली सरकारने सान लोकांना अभयारण्याबाहेर वसविले. सरकारचे म्हणणे असे, की शाळा, दवाखाना, पाणी या सोयी बाहेर मिळतील, आणि रान रानासाठी राहील. जे जावयास तयार नव्हते, त्यांच्या मोथोमेलो येथील कूपनलिकेचा पंप काढून ती २००२ साली बंद करण्यात आली. लोक न्यायालयात गेले. डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना अभयारण्यात राहण्याचा हक्क आहे असा निकाल दिला. लोक परतले. पण कूपनलिका उघडण्याची परवानगी मिळेना. राहण्याचा हक्क आणि पाणी मात्र नाही! पुन्हा खटला. अखेर जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की ही कूपनलिका वापरण्याचा या लोकांना अधिकार आहे. धुक्यावर भुंगेरा जगतो, कंदावर सान माणूस जगत आला. पण एका तोटीला बूच बसले, की शहाण्यातल्या शहाण्यालाही न्यायालयाची पायरी चढावी लागते.

मग यावर उपाय काय? रान राखायचे की माणूस राखायचा, असा प्रश्न आपण नेहमी विचारतो. नामिबियाने त्याची मांडणी जराशी बदलून पाहिली. १९८० च्या दशकात वाळवंटी हत्तींची आणि गेंड्यांची फार शिकार झाली होती. तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ आणि तेथील गावप्रमुख यांनी मिळून गावातलीच माणसे राखणदार म्हणून नेमली. ज्याला रानाची वाट ठाऊक, त्यालाच रानाचा पहारा. पुढे १९९६ साली कायदा झाला, की गावांनी एकत्र येऊन आपल्या सामाईक जमिनीवरील वन्य प्राण्यांचा सांभाळ करावा, आणि पर्यटनाचे वगैरे जे उत्पन्न येईल ते गावाकडे जावे. अशा ऐंशीहून अधिक ग्रामसंस्था आज तेथे आहेत, आणि देशाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर त्यांचा कारभार चालतो. हत्ती अजूनही पाण्याच्या टाक्या फोडतात, सिंह अजूनही गुरे मारतात, आणि भरपाईवरून कुरकुर होते. २०२४ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा लोकांना मांस मिळावे आणि उरलेल्या जनावरांना चारापाणी पुरावे म्हणून नामिबिया सरकारने सातशेहून अधिक वन्य प्राणी मारण्याचा निर्णय घेतला. त्यांत ८३ हत्तीही होते. जगभरातून त्यावर टीका झाली. टीका करणाऱ्यांच्या गोठ्यात त्या वर्षी चारा होता की नव्हता, हेही विचारावयास हवे. दुष्काळात धर्मसंकट कोणाला चुकत नाही. पण ज्याच्या दारात हत्ती येतो त्याचे मत त्यात घेतले गेले पाहिजे.

आपला आणि या देशाचा एक धागा आहे, तो चित्त्याचा. गावाकडे पुष्कळदा बिबट्यालाच चित्ता म्हणतात, पण हे दोन प्राणी वेगळे. बिबट्याच्या अंगावर फुलासारखी वर्तुळे. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, जणू काजळ ओघळले आहे. एके काळी चित्ता आपल्याकडे होता. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांना शिकवून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत, आणि देशातले चित्ते दुर्मिळ झाल्यावर तेथे आफ्रिकेतून चित्ते आणविले जात. १९४७ साली कोरियाच्या राजाने तीन चित्ते मारले. त्यानंतर भारतात चित्ता दिसल्याची पक्की नोंद नाही, आणि १९५२ साली तो नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनो येथे आठ चित्ते आणून सोडले, ते नामिबियातून.

नामिबियात चित्ते राहिले कसे? तेथील बहुतेक चित्ते अभयारण्यात नाहीत. ते शेतकऱ्यांच्या कुरणांवर आहेत. पूर्वी शेतकरी त्यांना दिसताक्षणी गोळी घालीत, आणि शेळ्यामेंढ्या जाणाऱ्याचा राग अनाठायी नव्हता. लॉरी मार्कर या बाईंनी १९९० साली चित्त्यांसाठी संस्था काढली, आणि १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्कस्तानातील धिप्पाड राखणदार कुत्र्यांची पिले देण्यास आरंभ केला. पिलू शेळ्यांतच वाढते, कळपालाच आपले घर समजते, आणि चित्ता दिसला की भुंकून त्याला पळवून लावते. शेळी वाचली, म्हणून गोळी सुटली नाही, म्हणून चित्ता वाचला. आपल्या धनगराला यात नवल वाटणार नाही. त्याचा कुत्रा लांडग्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आला आहे. कुंपणाने वाट बंद करावी लागली नाही. कुत्र्याने ती राखली.

शहरालाही पाण्याची वाट लागते. नामिबियाची राजधानी विंडहूक समुद्रापासून दूर, आणि जवळ बारमाही नदी नाही. या शहराने १९६८ पासून एकदा वापरलेले सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या पाण्यात मिसळावयास सुरुवात केली. असे करणारे ते जगातील पहिले शहर. ओरिक्स घामाचा थेंब वाचवितो, तसे हे शहर नळाचा थेंब परत फिरविते.

श्रोतेहो, या साऱ्यातून आपण काय घ्यायचे? आपला माण, आपली आटपाडी, आपला सोलापूरचा माळ म्हणजे नामिब नव्हे, आणि देव करो तो तसा कधी न होवो. पण माळरानाकडे ओसाड, पडीक म्हणून पाहण्याची आपली सवय मात्र सोडण्यासारखी आहे. ज्या जमिनीवर कमी पाऊस पडतो तेथे जीवन कमी असते असे नाही. तेथे ते बारीक वाटांवर चालते, आणि वाट बारीक म्हणून पटकन तुटते. ओढ्यावर बांध घालताना, माळावर तारेचे कुंपण ओढताना, जुना पाणवठा बुजविताना घटकाभर थांबून पाहावे, की येथून कोण जात होते?

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. उन्हाळ्याच्या आरंभी एखाद्या सकाळी मुलांना गावाबाहेरच्या तळ्यावर न्यावे. अंतर राखून, झुडपाच्या आडोशाला, गप्प बसवावे. ऊन जरा वर आले की कदाचित पखुर्ड्यांचा थवा येईल. त्यांतला एखादा नर पाण्यात पोट टेकवून बसला आणि जरा जास्तच वेळ बसला, तर मुलांना सांगावे की तो आता पिलांचे पाणी भरतो आहे. मग तो कोणत्या दिशेला उडाला, तेवढे त्यांच्याकडून वहीत लिहून घ्यावे.